बुडखे काढणे (हायड्रॉलिक जोडयंत्रांनी)

झाड तोडल्यावर जमिनीत उरणारा बुडखा लहान बांधणीच्या यंत्राला जोडलेल्या अवजाराने (जोडयंत्राने) उपटण्याची, उकरण्याची किंवा कुरतडून नाहीसा करण्याची पद्धत. यंत्र बहुधा स्किड स्टीअर लोडर (चाके घसरवत वळणारे लहान भरणयंत्र), पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक लोडर किंवा मिनी एक्स्कॅव्हेटर (लहान खोदयंत्र) असते. पहार-कुऱ्हाड, कप्पी, सुरुंग ही आधीची साधने होत. आताची जोडयंत्रे हायड्रॉलिक, म्हणजे दाबाखालील तेलावर चालणारी असतात. कोंडलेल्या द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हे त्यामागचे पास्कालचे तत्त्व १७व्या शतकातले. जोसेफ ब्रामाने त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट १७९५ मध्ये घेतले.

लहान यंत्रांच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल व लुई केलर या बंधूंनी टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातील घाण काढण्यासाठी १९५७ च्या सुमारास एक लोडर बनवला. सर्वसाधारणपणे हाच स्किड स्टीअरचा आरंभ मानतात. मात्र त्याला तीन चाके होती आणि मागचे चाक मोकळे फिरत असे. दोन्ही बाजूंच्या चाकांची गती वेगळी ठेवून, चाके घसरवत वळणे हे या वर्गाचे खरे लक्षण. ते लावले तर मेलरो कंपनीचे १९६० च्या सुमाराचे चारचाकी यंत्र पहिले ठरते. कल्पनेचे श्रेय केलर बंधूंना आणि यंत्रप्रकाराचा आरंभ १९६० ला, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. मिनी एक्स्कॅव्हेटरबाबत असाच वाद दोन जपानी कंपन्यांत आहे: यानमार १९६८ च्या सुमाराच्या यंत्राचा दाखला देते, तर ताकेउची १९७०-७१ च्या, पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या यंत्राचा. बुडखा कुरतडणारे यंत्र बहुधा १९५० च्या दशकात अमेरिकेत, लोडरपासून स्वतंत्रपणे घडले. लोडरला ते नंतर जोडले गेले.

जोडयंत्राचे काम मूळ यंत्राच्या इंजिनापेक्षा सहायक हायड्रॉलिक जोडणीतून मिळणाऱ्या तेलावर ठरते. प्रवाह (लिटर प्रतिमिनिट) आणि दाब (बार) यांच्या गुणाकाराला ६०० ने भागले की किलोवॉटमधील सैद्धांतिक शक्ती मिळते. मिनिटाला ७५ लिटर तेल २०० बार दाबाने मिळाले तर २५ किलोवॉट, १३० लिटर मिळाले तर सुमारे ४३ किलोवॉट. कमी प्रवाहावर जास्त प्रवाहाचे कुरतडयंत्र लावले, तर चाक संथ फिरते व लाकडात अडकते. उलट केले तर मोटर ठरलेल्या गतीपेक्षा जोरात फिरून निकामी होऊ शकते. अनेक मोटरींना जाणाऱ्या व येणाऱ्या नळ्यांखेरीज तिसरी बारीक नळी लागते. मोटरच्या कवचात झिरपणारे तेल ती टाकीत परत नेते. ही नळी न जोडता यंत्र चालवले तर आत दाब साठून मोटरच्या दांड्याभोवती तेल अडवणारे सील फुटते.

अवजारांचे दोन गट पडतात. कुरतडयंत्राच्या चाकावर टंगस्टन कार्बाइडचे दाते असतात. चाक बुडख्यावरून डावी-उजवीकडे झुलवत दर फेरीला थोडे खाली उतरवतात. जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंमी. पर्यंत लाकडाच्या ढलप्या होतात, बाजूची मुळे तशीच राहतात. म्हणून या कामाला ‘निर्मूलन’ म्हणणे योग्य नाही. त्या शब्दातच मूळ आहे. दुसऱ्या गटात अरुंद, लांब, दातेरी कडांचे बकेट आणि एकदाती रिपर (जमीन उकरणारा मोठा दात) येतात. यांनी भोवतालची मुळे आधी तोडून मग बुडखा उचकटतात. पसरट, उथळ मुळांच्या झाडांना हे सोपे जाते. सोटमूळ खोल गेले असेल तर लहान यंत्राचे वजनच अपुरे पडते आणि जोर लावताच मागची चाके उचलली जातात.

निवड रोगावरही अवलंबून असते. आर्मिलेरिया ही मूळकुजीची बुरशी मेलेल्या बुडख्यात व मुळांत अनेक वर्षे टिकते आणि शेजारच्या झाडांकडे जाते. अशा ठिकाणी नुसते कुरतडणे पुरत नाही. इंग्लंडमधील थेटफर्ड वनात पाइनची मूळकूज रोखण्यासाठी बुडखे उपटण्याची पद्धत आहे, मात्र ती मोठ्या यंत्रांनी. निरोगी झाडाच्या ढलप्या खड्ड्यात मातीसोबत कालवल्यास त्या कुजताना जमिनीतील नायट्रोजन काही काळ अडकून पडतो. तेथे लगेच लागवड करायची असल्यास ढलप्या काढून माती भरतात.