सत्यशोधक लग्नाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात गावचा जोशी, म्हणजे लग्नकार्य लावणारा पुरोहित, वतनदार होता. पाटील-कुलकर्ण्यांसारखाच त्याचाही हक्क पिढीजात. कुणब्या-माळ्याच्या घरी लग्न निघालं की मुहूर्त त्याने काढायचा, विधी त्याने सांगायचे, दक्षिणा त्यालाच द्यायची. मंत्र संस्कृतात असत. ज्यांचं लग्न, त्यांनाच ते कळत नसत.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. नवरा सीताराम जबाजी आल्हाट. नवरी राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी. भटजी नव्हते आणि खर्च जेमतेम पानसुपारीचा. पुढच्या मे महिन्यात ग्यानोबा ससाणे आणि काशीबाई यांचं लग्न असंच झालं, तेही नातलगांचा विरोध पत्करून.

१८८७ साली फुल्यांनी समाजाच्या पूजाविधींची पुस्तिका काढली. तिच्यातली मंगलाष्टकं मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतात. ती मराठीत आहेत आणि वधू-वरांनी स्वतः म्हणायची आहेत. वधू भर मांडवात म्हणते की आम्हां बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा स्त्रियांना अधिकार देण्याची शपथ घे. वर त्या अधिकारांसाठी झटण्याचं वचन देतो. तोवर खाली मान घालून बसणाऱ्या नवरीने सगळ्यांदेखत अट घालायची, हे केवढं धाडस होतं!

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला जोशाच्या हक्काचा वाद कोर्टात गेला. बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशांना न बोलावता घरची लग्नं लावली. जोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी दावा लावला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोचलं आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला. जोशाला बोलावलंच नाही, तर दक्षिणा कसली? वतनाला बसलेला हा धक्का मोठा होता.

१८८९ च्या फेब्रुवारीत फुल्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांचं लग्न झालं. नवरी त्याच ग्यानोबा ससाणे यांची मुलगी. मुला-मुलीची आधी ओळख व्हावी म्हणून सावित्रीबाईंनी तिला लग्नापूर्वीच घरी राहायला आणलं होतं. त्या काळात हे कोण करत होतं?

दक्षिणेत तमिळ समाजसुधारक पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीनेही पुरोहिताविना लग्नं लावली. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढ विधींवर भर दिल्याने त्या लग्नांची वैधता अडचणीत होती. मद्रास राज्यातल्या (आजच्या तामिळनाडूतल्या) अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ मध्ये आपल्या राज्यापुरतं त्या कायद्यात कलम ७-अ घातलं : आप्तेष्टांसमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार करावा आणि हार किंवा अंगठी घालावी अथवा ताळी (तिकडचं मंगळसूत्र) बांधावी, तेवढ्याने लग्न पक्कं. आधी लागलेल्या अशा लग्नांनाही त्यामुळे मान्यता मिळाली.