'कन्व्हिक्शन': दोषसिद्धीपासून ठाम विश्वासापर्यंत

इंग्रजीतील 'कन्व्हिक्शन' या एकाच शब्दाने आरोपीची दोषसिद्धीही सांगितली जाते आणि माणसाचा ठाम विश्वासही. लॅटिन 'विन्केरे' म्हणजे जिंकणे. त्याला जोर देणारा उपसर्ग लागून झालेल्या 'कॉन्विन्केरे'चा अर्थ वादात पुरते हरवणे, चूक किंवा अपराध शाबीत करणे असा होता. 'कन्व्हिन्स' आणि 'कन्व्हिक्ट' ही दोन्ही क्रियापदे त्यातूनच निघाली. 'कन्व्हिक्शन' पंधराव्या शतकात इंग्रजीत रुळला तो कायद्यातील शब्द म्हणून. पक्क्या समजुतीचा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या अखेरीस मिळालेला दिसतो.

मधला दुवा धर्माचा आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात, 'तुमच्यापैकी कोण मला पापी ठरवतो?' असे येशू विचारतो, तेथे क्रियापद 'कन्व्हिन्स' आहे. त्याच अध्यायात व्यभिचाराच्या आरोपावरून आणलेल्या स्त्रीवर बोट ठेवणारे लोक स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीकडूनच 'कन्व्हिक्ट' होऊन एकेक करून निघून जातात. दोन्ही ठिकाणी दोष शाबीत होण्याचाच प्रश्न आहे, मात्र दुसऱ्या ठिकाणी न्यायासन माणसाच्या आत गेले आहे. प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या इंग्रज प्रोटेस्टंट, उपदेशकांनी पापाच्या 'कन्व्हिक्शन'वर, म्हणजे मनःपरिवर्तनाआधी स्वतःचा अपराध स्वतःला पटण्यावर, जो भर दिला त्याची पूर्वतयारी येथे दिसते. अपराध पटणे आणि एखादी गोष्ट पटणे यांत मग फारसे अंतर उरले नाही.

1881 च्या सुधारित इंग्रजी बायबलच्या नव्या करारात येशूच्या प्रश्नातील 'कन्व्हिन्स' काढून 'कन्व्हिक्ट' घालण्यात आले आणि सदसद्विवेकबुद्धीचे शब्द तर पाठातूनच गेले. ही आवृत्ती विनाकारण बदल करते, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. परंतु 'कन्व्हिन्स'चा अर्थ तोवर केवळ मन वळवणे एवढाच उरला असल्याने या एका बदलापुरती ती टीका अन्यायकारक म्हणावी लागते. जुना शब्द तसाच ठेवला असता, तर येशूचा प्रश्नच सामान्य वाचकाला उमगला नसता.

विसाव्या शतकात हा शब्द राजकारणात मिरवू लागला. 1979 मध्ये, पंतप्रधान होण्याच्या काही महिने आधी, ब्रिटनच्या विरोधी पक्षनेत्या असलेल्या मार्गारेट थॅचर यांनी आपण सहमतीचे नव्हे, तर 'कन्व्हिक्शन'चे राजकारण करतो, असे सांगितले होते. मराठीत कायद्याच्या अर्थासाठी 'दोषसिद्धी' हा शब्द रूढ असला, तरी पोलिसांच्या कामगिरीच्या बातम्यांत 'कन्व्हिक्शन रेट' सर्रास येतो आणि अभिनेत्याने भूमिका 'कन्व्हिक्शनने' केली, असेही लिहिले जाते.