संपत्तिकर आणि घरभाड्यावरील आयकर: घर एक, हिशेब दोन

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर यांसारख्या वस्त्यांत घराचा एखादा मजला भाड्याने देऊन निवृत्तिवेतनाला जोड मिळवणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मार्च महिना लागला की त्यांच्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: निगमला, म्हणजे शहराच्या महापालिकेला, घराचा कर भरून झाला, मग आयकर खाते त्याच घराचा कर पुन्हा कशाला मागते? तक्रार अगदीच अनाठायी नाही, कारण दोन्हीकडच्या हिशेबाची सुरुवात घराच्या वार्षिक भाडेमूल्यापासूनच होते. मात्र त्यापुढे हे दोन कर वेगळ्या वाटांनी जातात.

जमीन आणि इमारती यांवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील 49 व्या नोंदीत येतो, तर शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर संघसूचीतील 82 व्या नोंदीत. राज्याने आपला अधिकार मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 या कायद्याने निगमकडे सोपवला आहे. महाराष्ट्रातले नातेवाईक ज्याला घरपट्टी म्हणतात तो हा संपत्तिकर शहराच्या तिजोरीत जातो, तर आयकर केंद्र सरकार वसूल करते. पहिला कर घरावर आहे आणि दुसरा माणसाच्या कमाईवर. म्हणूनच ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे त्याला आयकर पडत नाही, पण संपत्तिकर आकारताना मालकाची मिळकत सर्वसाधारणपणे विचारात घेतली जात नाही.

निगमच्या हिशेबातले भाडे हे प्रत्यक्ष मिळणारे भाडे नसते. घर कोणत्या भागात आहे, बांधकाम पक्के आहे की पत्र्याचे, वापर निवासी आहे की व्यावसायिक, यांवरून प्रति चौरस फूट वार्षिक दर ठरलेला असतो. त्याला क्षेत्रफळाने गुणून वार्षिक भाडेमूल्य काढतात आणि त्यावर टक्केवारीने कर बसतो. हे विवरण मालकाने स्वतःच भरायचे असते. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी भागाला संपत्तिकरात निम्मी सूट असते, ती भाडेकरूकडे असलेल्या भागाला मिळत नाही. त्याच बिलात समेकित कर, शिक्षण उपकर आणि नगरीय विकास उपकर अशा आणखी ओळी असतात, त्यामुळे एकूण आकड्याला सरसकट संपत्तिकर म्हणण्याची सवय पडली आहे. उदाहरणापुरता दर 20 रुपये, क्षेत्र 1,000 चौरस फूट आणि कर 10 टक्के धरला, तर भाडेमूल्य 20,000 आणि संपत्तिकर 2,000 रुपये होतो. वरच्या मजल्याचे भाडे महिना 12,000 वरून 15,000 केले तरी हा आकडा बदलत नाही. मात्र खालच्या खोलीत किराणा दुकान काढले की बदलतो.

आयकराच्या हिशेबात नेमके उलट घडते. तेथे दुकान आहे की बिऱ्हाड यापेक्षा भाड्याचा आकडा महत्त्वाचा असतो. महिना 12,000 रुपयांप्रमाणे वर्षाचे 1,44,000 रुपये आले आणि त्या मजल्यापोटी निगमला समजा 6,000 रुपये कर भरला, तर उरलेल्या 1,38,000 मधून 30 टक्के, म्हणजे 41,400 रुपये, दुरुस्ती-देखभालीसाठी ठोक वजा होतात आणि 96,600 रुपये उत्पन्नात मिळवले जातात. ही ठोक वजावट रंगरंगोटीवर एक रुपयाही खर्च केला नाही तरी मिळते, आणि गच्चीच्या गळतीवर लाख रुपये घातले तरी वाढत नाही. गृहकर्जाचे व्याज हा वेगळा विषय आहे. एवढे ध्यानात असावे की स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. 1961 च्या आयकर कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 च्या कायद्याने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण हा हिशेब तोच राहिला आहे.

या दोन पद्धतींतला फरक सर्वाधिक जाणवतो तो राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत. तेथे दोन-तीन पिढ्यांपासून राहणारे भाडेकरू आजही नाममात्र भाडे देतात. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 खाली प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने बांधून दिलेले भाडे, ठरलेले असेल, तर आयकर खाते अपेक्षित भाडे, म्हणजे घर भाड्याने दिल्यास मिळेल असे धरलेले भाडे, त्याहून अधिक धरत नाही. निगमचा चौरस फुटाचा दर मात्र त्या भाड्याकडे पाहत नाही. परिणामी वर्षाच्या भाड्यापेक्षा निगमचे बिल मोठे असणारा मालक ही अतिशयोक्ती नव्हे, आणि माझ्या मते खरा अन्याय असेलच तर तो येथे आहे, दोन कर असण्यात नाही.

दोन्ही करांना जोडणारा दुवा म्हणजे निगमची पावती. भाड्याच्या घरावरील स्थानिक संस्थेचा कर आयकराच्या हिशेबात वजा होतो, पण तो मालकाने आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला असावा लागतो. नुसती मागणीची नोटीस पुरत नाही. तीन वर्षांची थकबाकी यंदा एकदम भरली, तर तिन्ही वर्षांच्या कराची रक्कम यंदाच्याच भाड्यातून वजा होते; 31 मार्चऐवजी 2 एप्रिलला भरलेला कर पुढच्या वर्षाच्या हिशेबात जातो. लोकअदालतीत अधिभार माफ होईल म्हणून थकबाकी ठेवणाऱ्यांनी ही तारीखही पाहावी. कचऱ्याचे शुल्क कर नसून सेवेचे मोल आहे, म्हणून ते या वजावटीत आपल्या मनाने मिळवू नये. स्वतः राहत्या घराचे वार्षिक मूल्य आयकरात शून्य धरले जाते, त्यामुळे त्याच्या संपत्तिकराची वजावट मिळत नाही.

रिकाम्या घराबाबतही गल्लत होते. स्वतःच्या वापराची दोन घरे आयकरात शून्य मूल्याची मानता येतात, परंतु तिसरे घर कुलूप लावून ठेवले तरी ते भाड्याने दिल्याचे गृहीत धरून उत्पन्न काढले जाते. म्हणजे न मिळालेल्या भाड्यावर कर लावण्याचा दोष एकट्या निगमला देता येत नाही. तिसऱ्या घराचे हे अपेक्षित भाडे ठरवताना निगमने केलेले मूल्यांकन हाही एक आधार असतो.

निगमची थकबाकी घराला चिकटलेली असते, म्हणून जुने घर घेणाऱ्याने व्यवहारापूर्वी बेबाकीचा, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा, दाखला मागावा; विकणाऱ्याने भाड्यावरचा आयकर भरला होता की नाही, हा त्याचा प्रश्न. निगमच्या खात्यावर आजोबांचे नाव राहिले आणि भाडे तीन नातवांनी वाटून घेतले, तर बिल एकच येते, पण प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असल्यास आयकर ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर पडतो. अशा वेळी नामांतरण करून घ्यावे आणि बिल एकाने भरले असल्यास बाकीच्यांनी आपापला वाटा त्याच वर्षी त्याला बँकेमार्फत द्यावा, म्हणजे कराचा भार कोणी किती उचलला हे कागदावर दाखवता येते. बिल परस्पर भाडेकरूने भरले, तर मात्र मालकाला वजावट मिळत नाही.