पार्श्वभूमी : गॉथिक कथा-कविता आधी छापल्या कुठे?

कोलरिज, पॉलिडोरी, पो ही नावं आज गॉथिक, म्हणजे गूढ आणि भयाच्या साहित्याच्या, जाडजूड संग्रहांमध्ये एका रांगेत बसलेली दिसतात. त्यामुळे हे सगळं लेखन पहिल्यापासून पुस्तकांसाठीच झालं असावं, असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं मासिकांत, वार्षिकांत, कधी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आलं. त्यावर कधी भलत्याचंच नाव असे, कधी कुणाचंच नसे. आणि मानधनाच्या नावानं बहुतेक वेळा खडखडाट.

सुरुवात कवितेपासून करावी लागते. ब्युर्गरची ‘लेनोरे’ ही जर्मन कविता १७७४ साली ग्योटिंगेनच्या एका काव्यवार्षिकात आली. तीत लढाईत मेलेला प्रियकर रात्री घोड्यावरून येतो आणि मुलीला घेऊन जातो. १७९६ मध्ये तिची एकापाठोपाठ एक इंग्रजी भाषांतरं निघाली. त्यांतलं एक वॉल्टर स्कॉटचं होतं आणि तेही निनावी.

इंग्रज कवी कोलरिजच्या ‘क्रिस्टाबेल’ या कवितेची गोष्ट याहून विचित्र. दुसरा भाग १८०० साली लिहून झाला, पण दोघांच्या ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहाच्या नव्या आवृत्तीतून कविमित्र वर्ड्स्वर्थनं ही कविता वगळली. पुढची सोळा वर्षं ती हस्तलिखितांतून आणि तोंडी वाचनांतून फिरत राहिली. स्कॉटनं ती ऐकली आणि तिची लय आपल्या १८०५ च्या दीर्घकाव्यात वापरली. कवी बायरनच्या आग्रहामुळे जॉन मरे या प्रकाशकानं अखेर १८१६ मध्ये ती छापली, तीही अपुरीच. तेव्हा ‘मी कुणाची नक्कल केलेली नाही’ असा खुलासा प्रस्तावनेत करायची पाळी मूळ कवीवरच आली!

त्याच वर्षी जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी, व्हिला दिओदातीत, बायरननं या कवितेच्या ओळी म्हणून दाखवल्या आणि कवी शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला. हे आपल्याला कळतं ते बायरनचा तरुण डॉक्टर जॉन पॉलिडोरी याच्या रोजनिशीतून. बायरननं तिथे एक कथा सुरू करून सोडून दिली होती. तो धागा उचलून पॉलिडोरीनं ‘द व्हॅम्पायर’ लिहिली. एप्रिल १८१९ मध्ये ती लंडनच्या ‘न्यू मंथली मॅगझिन’मध्ये आली आणि लेखक म्हणून नाव झळकलं लॉर्ड बायरनचं. पॉलिडोरीनं आपला हक्क सांगितला, बायरननंही हात झटकले आणि स्वतःचा अर्धवट तुकडा त्याच वर्षी ‘माझेपा’सोबत छापून टाकला. पण बायरनच्या नावावर कथा खपत असताना खुलासे कोण वाचतो? दोन वर्षांनी पॉलिडोरी गेला, तेव्हा तो पंचविशीत होता.

मासिकांनी लेखकांना बुडवलं हे खरं. तरी गॉथिक कथेला आटोपशीर आणि धारदार केलं तेही मासिकांनीच, असं माझं मत आहे. तीन-तीन खंडांत रेंगाळणाऱ्या पछाडलेल्या वाड्यांना इथे जागाच नव्हती. एडिंबरोचं ‘ब्लॅकवुड्स’ मरणाच्या दारातल्या माणसाचे अनुभव थोडक्या पानांत छापायचं. अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोनं त्या शैलीची यथेच्छ टिंगल केली आणि तिच्यातून हवं ते उचललंही. मार्च १८३५ मध्ये ‘सदर्न लिटररी मेसेंजर’मध्ये त्याची ‘बेरेनाइस’ आली. पुरलेल्या चुलतबहिणीचे दात काढणाऱ्या माणसाची ही कथा वाचून वाचक खवळले. पोनं मालकाला लिहिलेल्या पत्रात कथा जरा अतीच झाल्याचं मान्य केलं, पण मासिकं नावाजली जातात ती असल्याच लेखनामुळे, हेही ऐकवलं. पुढे त्यानं तिच्यातले काही परिच्छेद गाळले.

‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही पोची कथा सप्टेंबर १८३९ च्या ‘बर्टन्स’ मासिकात आली. तिच्यातली ‘द हाँटेड पॅलेस’ ही कविता काही महिने आधीच बाल्टिमोरच्या एका मासिकात स्वतंत्र छापून झाली होती. तिला पोनं कथेत जागा दिली. दुसऱ्या वर्षी लंडनच्या ‘बेंटलीज मिसेलनी’नं ती कथा नाव न देता उचलली. अमेरिकेत परदेशी लेखकांना स्वामित्वहक्क मिळाला तो थेट १८९१ मध्ये, त्यामुळे समुद्राच्या दोन्ही बाजूंना कात्री मोकाट चालत होती. पोच्या पहिल्या दोन खंडांच्या कथासंग्रहाचं मानधन म्हणून प्रकाशकानं वाटण्यापुरत्या काही प्रती दिल्या.

‘द पिट अँड द पेंड्युलम’ ‘द गिफ्ट’ या नाताळच्या भेटवार्षिकात आली. आपल्या दिवाळी अंकासारखाच हा प्रकार, फक्त बांधणी घरात मिरवण्याजोगी. ‘द टेल-टेल हार्ट’ जानेवारी १८४३ मध्ये ‘द पायोनियर’च्या पहिल्या अंकात आली आणि तिसऱ्या अंकानंतर ते मासिकच बंद पडलं. ‘द रेव्हन’ ही कविता ‘अमेरिकन रिव्ह्यू’नं ‘क्वार्ल्स’ या टोपणनावानं घेतली होती. पण तो अंक येण्याआधीच, २९ जानेवारी १८४५ रोजी, न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग मिरर’नं ती पोच्या नावानं छापली. मग गावोगावच्या पत्रांनी ती उचलली. कीर्ती झाली, पण खिशात फारसं काही पडलं नाही.

१८४९ मध्ये लिहिलेल्या ‘अ‍ॅनाबेल ली’च्या वेळी पोनं स्वतःच खबरदारी घेतलेली दिसते. कविता ‘सार्टेन्स’ मासिकाला विकली, एक प्रत ‘मेसेंजर’चा संपादक जॉन थॉम्प्सन याला उसन्या पैशांपोटी दिली आणि एक संपादक रूफस ग्रिसवोल्डकडे दिली. ७ ऑक्टोबरला पो बाल्टिमोरमध्ये वारला. ९ तारखेच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये ‘लुडविग’ या खोट्या नावानं त्याच्यावर एक जहरी मृत्युलेख आला. तो ग्रिसवोल्डनं लिहिलेला होता आणि त्यातच ‘अ‍ॅनाबेल ली’ पहिल्यांदा छापलेली होती. नोव्हेंबरात ‘मेसेंजर’नं ती दिली. पैसे मोजून कविता घेतलेल्या ‘सार्टेन्स’चा नंबर लागला जानेवारी १८५० मध्ये, सगळ्यांच्या शेवटी.