भट्टीतून निघालेला चेहरा

१८५० च्या दशकात फोटोग्राफरांना एका तक्रारीने हैराण केलं होतं. हौसेने काढून घेतलेला फोटो काही वर्षांतच पिवळा पडायचा, चेहरा विरत जायचा. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये यासाठी खास समिती नेमली. दोष मुख्यतः गंधकाचा होता. तो हवेतून किंवा नीट न धुतलेल्या हायपोतून (फोटो पक्का करायच्या रसायनातून) येई आणि कागदावरच्या चांदीच्या कणांना खाई.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये लाफों द कामार्साक नावाचा फोटोग्राफर चेहरा चांदीऐवजी चिनी मातीच्या भांड्यांवरच्या रंगांत उतरवू लागला. पुढे रूढ झालेली रीत अशी: काचेवर डिंक, साखर आणि डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराचा पातळ थर द्यायचा, त्यावर पारदर्शक पॉझिटिव्ह (काळं ते काळंच दाखवणारं चित्र) ठेवून उजेडात धरायचं. उजेड लागतो तिथे डायक्रोमेटमधलं क्रोमियम डिंकाच्या रेणूंना एकमेकांत जखडतं आणि थर कडक होतो. केस, भुवया, काळा कोट यांच्या खाली उजेड पोचत नाही, तिथला थर मात्र हवेतली ओल शोषून चिकट होतो. मग मऊ ब्रशने धातूंच्या ऑक्साइडांची मैद्यासारखी बारीक भुकटी फिरवायची. चिकट जागी ती बसते, कडक जागेवरून निसटते. मला यातली खरी करामत इथेच दिसते: प्रकाशाने काहीच काळं केलेलं नाही, धूळ कुठे बसायची तेवढं ठरवलं.

या चित्रावर कलोडियन (सुकल्यावर पातळ पापुद्रा होणारं द्रावण) ओतून त्याचा पापुद्रा अलगद सोडवायचा, पाण्यात धुवायचा आणि पांढरं इनॅमल, म्हणजे भाजून बसवलेला काचेचा थर, चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर बसवायचा. (इनॅमल मागच्या बाजूलाही लागतंच. थंड होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. एकाच बाजूला थर असला तर पत्रा वाकतो आणि थर तडकतो.) मग भट्टी, सुमारे ८०० अंश सेल्सिअस. कलोडियन आणि उरलासुरला डिंक जळून जातो, इनॅमल मऊ होतं, भुकटी त्यात वितळून एकजीव होते. बाहेर येतो तो पत्रा रसायनाच्या दृष्टीने फोटो नसतोच. ती रंगीत काच असते. गंधकाला खायला त्यात चांदी नाही, उन्हाने उडेल असा रंग नाही.

लंडनच्या ए. एल. हेंडरसनने राणी व्हिक्टोरियासाठी अशी इनॅमलं केली. पण काम कष्टाचं आणि महाग. एक भाजणी बिघडली की सगळी मेहनत वाया. १८६४ मध्ये जोसेफ स्वानने कार्बन प्रिंटची, म्हणजे चांदीऐवजी काजळीसारख्या रंगात फोटो छापायची, सुटसुटीत रीत आणली आणि न विटणारा फोटो कागदावरच मिळू लागला. इनॅमल मग ब्रोच, लॉकेट आणि कबरींवर उरलं, म्हणजे अंगाचा घाम किंवा पाऊस लागणार तिथे.