‘आयकर खात्यातून बोलतोय’ असा फोन आला तर

ठाणे आणि नवी मुंबईतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पलीकडचा माणूस तुमचं पूर्ण नाव घेतो, पॅन अचूक सांगतो, अमुक वर्षाच्या रिटर्नमध्ये गडबड सापडली म्हणतो आणि दुसऱ्याच मिनिटाला धमकीवर येतो. आजच्या आज पैसे भरा, नाहीतर खातं गोठवू, घरी पोलीस पाठवू. बहुतेक लोक धमकीपेक्षा पॅनने गांगरतात. ‘याला माझा पॅन ठाऊक आहे, म्हणजे हा खात्यातलाच’ असं वाटतं. म्हणून आधी पॅनचंच बघू.

जांभळी नाक्यावरच्या किंवा वाशीच्या एपीएमसीतल्या एखाद्या दुकानाची पाटी नीट वाचा. नियमाप्रमाणे तिच्यावर १५ अक्षरांचा जीएसटी नंबर असतो. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन, जसाच्या तसा. हाच नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला की लॉगिन न करताही नाव आणि धंद्याचा पत्ता समोर येतो. दुकान नसलं तरी कर्जाचे अर्ज, हॉटेलात दिलेल्या झेरॉक्स, व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो यांतून पॅन फिरतच असतो. पॅन सांगता येणं ही अधिकाऱ्याची ओळख नव्हे.

खात्याची मागणी कशी येते

आयकर खात्याला तुमच्याकडून काही हवं असेल तर ते आधी कागद काढतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिशीवर, आदेशावर, पत्रावर संगणकातून निघालेला डॉक्युमेंट आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे ‘डिन’, असावा लागतो. काही अडचणींत अधिकारी डिनशिवाय पत्र काढू शकतो, पण त्याचं कारण आणि वरिष्ठांची मंजुरी पत्रातच नोंदवावी लागते. केंद्रीय जीएसटीच्या पत्रांनाही ८ नोव्हेंबर २०१९ पासून डिन लागू झाला.

खरा वाटणारा डिन आणि अशोकस्तंभाचं चित्र कुणालाही टाइप करता, चिकटवता येतं, त्यामुळे नोटीस डोळ्यांनी तपासू नका, पोर्टलवर तपासा. ब्राउझरमध्ये ई-फायलिंगचा, म्हणजे खात्याच्या रिटर्न भरायच्या पोर्टलचा, पत्ता (incometax.gov.in) स्वतः टाइप करा. मुख्य पानावर ‘ऑथेंटिकेट नोटीस / ऑर्डर इश्यूड बाय आयटीडी’ अशी क्विक लिंक आहे. तिथे डिन आणि तुमचा मोबाइल नंबर टाका, आलेला ओटीपी त्याच पानावर भरा. नोटीस खरी असेल तर तिची नोंद दिसते. डिन हाताशी नसेल तर पॅन, कागदाचा प्रकार, करनिर्धारण वर्ष आणि तारीख टाकूनही शोधता येतं. लॉगिन करणाऱ्यांनी ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसीडिंग्ज’ आणि ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ ही दोन्ही पानं बघावीत.

आलेल्या लिंकचा पत्ता असा वाचा : सुरुवातीच्या दोन तिरक्या रेषांनंतर पुढची एकटी तिरकी रेष कुठे येते ते शोधा. तिच्या लगेच आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असलं पाहिजे. पत्त्यात मध्येच कुठेतरी ‘इन्कमटॅक्स’ लिहिलेलं असणं काही कामाचं नाही.

कराची मागणी निघाली तर भरायला साधारण ३० दिवस मिळतात, आणि मागणी मान्य नसेल तर तसं पोर्टलवर कळवता येतं. भरणा ‘ई-पे टॅक्स’मधून होतो. तिथे चलन बनतं, त्याला सीआरएन, म्हणजे चलनाचा संदर्भ क्रमांक, मिळतो, पैसे गेले की बँक शाखेचा बीएसआर कोड असलेली पावती निघते. पेमेंट गेटवेवर यूपीआयही चालतं, पण ते तुम्ही स्वतः बनवलेल्या चलनासाठी. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्यूआर कोडवर किंवा कुणा ‘सरांच्या’ खात्यात पैसे टाकून कर भरला जात नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. ‘खातं कधीच फोन करत नाही’ असं जे सर्रास सांगितलं जातं ते बरोबर नाही. थकीत मागणीबद्दल खात्याच्या केंद्राकडून खरा फोन येऊ शकतो. टीडीएसचे किंवा एआयएसमधल्या (खात्याकडे नोंदलेल्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या विवरणातल्या) तफावतीचे खरे एसएमएस, ईमेलही येतात. पण खरा फोन तुम्हाला पोर्टल बघायला सांगून संपतो. तो ओटीपी, पासवर्ड, कार्डाचा पिन मागत नाही आणि फोन चालू असताना पैसेही भरायला लावत नाही. तुम्ही फोन ठेवून दिलात तर खऱ्या फोनचं काहीच बिघडत नाही, मागणी पोर्टलवर तशीच दिसते.

खोट्याचं मात्र सगळं बिघडतं, म्हणून तो फोन ठेवू देत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथून अमेरिकेच्या कर खात्याच्या नावाने अमेरिकन लोकांना असेच फोन जात होते. अटकेची धमकी द्यायची, माणसाला फोनवरच गुंतवून ठेवायचं आणि गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावून त्यांचे नंबर काढून घ्यायचे. आज गिफ्ट कार्डाच्या जागी यूपीआय आणि व्हिडिओ कॉल आलेत, पद्धत तीच आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जायचं नाही’ असं सांगतात. भारतीय कायद्यात अशी कुठलीही अटक नाही.

फोन चालू असताना

वाद घालू नका, खरंखोटं काढायचा प्रयत्नही नको. ‘डिन एसएमएस करा, मी पोर्टलवर बघतो’ एवढं बोला आणि फोन ठेवा. तो कलमांचे नंबर फाडफाड सांगेल. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत. जुनं की नवं कलम या घोळात त्याच्याशी बोलत बसण्याची गरज नाही.

धमकीपेक्षा रिफंडचं आमिष जास्त फसवं, कारण त्यात भीती वाटत नाही. ‘तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खातं व्हेरिफाय करा’ अशा मेसेजसोबत लिंक किंवा एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) येते. रिफंड पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे आधीच पडताळलेल्या, बँक खात्यातच जमा होतो, त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. एपीके टाकलं की ते एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची, फोन चालवायची) परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. ‘फॉर्म भरायला मदत करतो’ म्हणत एनीडेस्कसारखं स्क्रीन शेअरिंगचं ॲप घ्यायला लावतात, त्यातही तुमची स्क्रीन त्याच्यासमोर उघडी असते.

अशी फाइल चुकून टाकली गेली असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद आहे ना ते बघा. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा, कारण तुमच्या फोनवरचं काहीही चोरापर्यंत पोचू शकतं. मग ॲक्सेसिबिलिटीतली आणि डिव्हाइस ॲडमिनमधली परवानगी काढून ॲप काढून टाका. निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करावा लागेल. त्यासाठी दुकानात जायचं असेल तर आधी सिम काढून घ्या. ई-फायलिंगचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना ते तपासा, ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ (लॉगिनला जादा कुलूप लावणारी सोय) चालू करा.

पैसे गेले असतील तर

लगेच १९३० ही सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन लावा. लाइन व्यग्र असेल तर तोवर बँकेच्या फसवणूक कक्षाला कळवा आणि १९३० पुन्हा पुन्हा लावत राहा. चोराच्या पहिल्या खात्यातून पैसे काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात. १९३० वरची तक्रार त्या बँकांकडे जाते आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती रोखली जाते. एटीएममधून निघालेली रोकड रोखता येत नाही. म्हणून ‘आधी मुलाला विचारू, संध्याकाळी बघू’ यात एक तासही घालवू नका.

फोन करताना समोर एवढं असू द्या : तुमचा खाते नंबर, किती रुपये, किती वाजता, ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले तो, आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर. यूपीआयचा हा नंबर १२ आकडी असतो, ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि सायबर क्राइम पोर्टलवर सविस्तर तक्रार २४ तासांच्या आत पूर्ण करा. चॅट, कॉल लॉग, खोटी नोटीस यांतलं काहीही डिलीट करू नका. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. फोन मुलुंडमध्ये आला होता म्हणून पोलीस ठाण्यातून परत पाठवलं तर झिरो एफआयआरचा (हद्द न बघता नोंदवायच्या गुन्ह्याचा) आग्रह धरा.

पैसे गेले नाहीत, फक्त फोन आला, तरी तो नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलच्या ‘चक्षू’ सुविधेवर कळवा. दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे गेल्यानंतर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सोडवतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्यांचे नंबर चोरांकडेच असतात. १९३० वर तक्रार करायला किंवा रोखलेली रक्कम परत मिळवायला फी नाही.

झालेल्या गोष्टीची लाज वाटून घरात लपवू नका, आमच्यापासूनही नाही. आई-वडील एकटे राहत असतील तर हे पत्रक त्यांच्या फोनजवळ ठेवा आणि १९३० त्यांच्या मोबाइलमध्ये ‘बँक चोरी’ अशा सहज सापडेल त्या नावाने सेव्ह करून द्या. आलेली कुठलीही नोटीस, खरी वाटो की खोटी, आमच्या कार्यालयाच्या नंबरवर फोटो काढून पाठवा. डिन तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.