स्नोपॉइंट वेगळं, स्नोबेल वेगळं: कुठलं दार बंद आहे ते आधी बघा

दिवाळीला भाचा इंदूरला आला होता, पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममध्ये अडकून दोन दिवस तोंड पाडून बसलेला. मग म्हणाला, मामा, स्नोबेल गावचा जिम लीडर गायब आहे, आणि सगळे म्हणतात आधी चॅम्पियन हो मग दार उघडेल. मी डोक्याला हात लावला. या खेळात जिम म्हणजे लढाईचा आखाडा, तिथल्या लीडरला हरवलं की बॅज मिळतो, आणि आठ बॅज झाले की लीगमध्ये लढून चॅम्पियन व्हायचं. अरे बाळा, आठवा बॅज त्या लीडरकडेच आहे, तो नसेल तर तू चॅम्पियन होणार कसा! त्याला कोणीतरी स्नोपॉइंटचं उत्तर स्नोबेलसाठी देऊन ठेवलं होतं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता एकदाच नीट लिहून टाकतो.

स्नोपॉइंट सिटी म्हणजे सिन्नोह प्रदेशाच्या पार उत्तरेचं टोक, २००६ च्या डायमंड-पर्ल या खेळांमधलं, जिम लीडर कॅंडिस. स्नोबेल सिटी कॅलोस प्रदेशातली, २०१३ च्या एक्स आणि वाय या खेळांमधली, तिथे वुल्फ्रिक. दोन्हीकडे आइस टाइप म्हणजे बर्फाच्या पोकेमॉनचं जिम, दोन्हीकडे पांढरं शुभ्र आणि दोन्हीकडे अबोमास्नो हा पोकेमॉन, त्यामुळे स्क्रीनशॉट बघून लोक गोंधळतात. एक सातवं जिम, दुसरं आठवं. बॅजची नावंही सारखी वाटतात, आइसिकल आणि आइसबर्ग, ते सोडून द्या.

खरा घोळ बंद दाराचा आहे. दोन्ही गावांत काहीतरी बंद असतं, पण ते वेगळं असतं आणि उघडतंही वेगळ्या कारणानं.

स्नोपॉइंटमध्ये जिम उघडंच असतं, कॅंडिस आत उभी असते, बर्फावरून घसरत बर्फाचे गोळे फोडत तिच्यापर्यंत पोचायचं, बस. बंद असतं ते गावाच्या उत्तरेचं देऊळ, स्नोपॉइंट टेंपल, कारण आत रेजीगिगास हा पोकेमॉन झोपलाय. नॅशनल डेक्स (पोकेमॉनची मोठी नोंदवही) मिळेपर्यंत तिथे सोडत नाहीत, म्हणजे खेळाची मुख्य गोष्ट संपल्यावरच. आणि आत गेलात तरी डायमंड-पर्लमध्ये रेजीरॉक, रेजीआइस आणि रेजीस्टील हे तिघं पोकेमॉन आपल्या पार्टीत (सोबतच्या चमूत) असल्याशिवाय तो जागा होत नाही, आणि हे तिघं त्या खेळात सापडतच नाहीत, जुन्या गेमबॉय अॅडव्हान्सच्या खेळांतून पाल पार्कमार्गे आणावे लागायचे. म्हणून तिथे "नंतर ये" हे उत्तर बरोबर आहे.

स्नोबेलमध्ये देऊळबिऊळ काही नाही. तिथे वुल्फ्रिकच जागेवर नसतो. गावातून रूट २० च्या जंगलात शिरायचं, वाटा चकवतात पण घाबरू नका, आणि पलीकडे पोकेमॉन व्हिलेज लागतं, वाईट ट्रेनरांकडून पळून आलेले पोकेमॉन राहतात ते. वुल्फ्रिक तिथे भेटतो, बोलतो, मग जिममध्ये परततो. हे आत्ताच करायचं, लीगच्या आधी.

आपल्या इंदूरच्या सराफ्यासारखं समजा, दिवसा दागिन्यांचा बाजार, रात्री खाऊगल्ली. दुपारी बारा वाजता गराडू खायला गेलात तर सोन्या-चांदीची दुकानं दिसतील, तिथे रात्रीच यावं लागतं, दुसरा इलाज नाही. हे स्नोपॉइंटचं देऊळ. पण भर दिवसा दुकान उघडं आणि मालक तेवढा चहाला गेलाय तर रात्रीपर्यंत कशाला थांबायचं, टपरीवरून बोलावून आणायचं. हा वुल्फ्रिक.

गोंधळ वाढतो तो पुढच्या गोष्टीनं. त्याच पोकेमॉन व्हिलेजमध्ये एक गुहा आहे, तिच्यात म्यूटू हा पोकेमॉन, आणि ती मात्र खरोखर चॅम्पियन झाल्यावरच उघडते. डायमंड-पर्लचा रेजीगिगास लेव्हल ७०, हा म्यूटूही लेव्हल ७०. ऐकीव माहितीवर सल्ला देणारे ही गुहा, ते देऊळ आणि वुल्फ्रिकचं जिम एकाच पिशवीत कोंबतात, आणि लहान मुलं दोन-दोन दिवस अडकतात, मला याचा मनापासून राग येतो.

अबोमास्नोचंही बघून ठेवा. डायमंड-पर्लमध्ये तो कॅंडिसचा शेवटचा पत्ता आहे, लेव्हल ४२. वुल्फ्रिककडे तो असतो पण खरा भिंतीसारखा उभा राहतो त्याचा दुसरा पोकेमॉन एव्हलग, लेव्हल ५९, त्याचा बेस डिफेन्स १८४ आणि स्पेशल डिफेन्स फक्त ४६, म्हणून दात-नखांचे हल्ले वाया घालवू नका, स्पेशल फायर मूव्ह मारा.

ईवी या पोकेमॉनचा ग्लेशियॉन करायला लागणारा बर्फाचा खडक स्नोबेलमध्ये शोधत बसू नका. सिन्नोहमध्ये तो स्नोपॉइंटच्या वाटेवर रूट २१७ ला आहे, कॅलोसमध्ये डेंडेमिल टाउनजवळच्या फ्रॉस्ट कॅव्हर्नमध्ये. त्याच्याजवळ ईवीची लेव्हल वाढवायची.

मला विचाराल तर गाव म्हणून स्नोपॉइंटच. रूट २१७ च्या खोल बर्फात पाय रुततात, सायकल चालत नाही, गारा सतत मारतात, आणि मग एकदम ते शांत गाव येतं, ते पोचणं कमावलेलं वाटतं. फक्त तिथली मिंडी नावाची मुलगी मेडिचॅम या पोकेमॉनच्या बदल्यात हॉन्टर देते तो घेताना लक्षात ठेवा, एरवी ट्रेड म्हणजे अदलाबदल झाली की हॉन्टरचा गेंगार होतो, पण याच्या हातात ते थांबवणारा एव्हरस्टोन असतो, म्हणून ट्रेड झाला तरी गेंगार होत नाही.

भाच्याला मी काहीच करून दिलं नाही, फक्त रूट २० दाखवला. पोहे-जिलबी संपायच्या आत वुल्फ्रिक जिममध्ये परत आला होता.